मढपासून दीड दिवस

दिवाळीच्या सुट्टीत जुन्नरजवळच्या मढपासून लोणावळ्यापर्यंत घाटमाथ्यानं चालत जायचं आम्ही दोघींनी ठरवलं, तेव्हा माझ्या घरचे आधी हसले आणि मग भांडले. पंधरा दिवस, पाठीवर ओझं, आणि दोघीच बायका. सासूबाई म्हणाल्या, "देवाला जायचंय तर एसटीनं जा की. भीमाशंकरला गाडी जाती." देवाला जायचं नव्हतं, हे त्यांना कसं समजवावं ते मला कळेना. मैत्रिणीच्या घरी मात्र कुणी काही बोललं नाही. तिच्या नवऱ्यानं तर तिला स्वतः चांगले बूट आणून दिले. मला तेव्हा तिचा हेवा वाटला होता.

घोडेगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं तिला शिनोलीला दिली, मी लग्न होऊन कळंबला आले आणि शिक्षिका झाले. वीस-बावीस वर्षं आमच्या भेटी लग्नकार्यातच व्हायच्या. जुन्नरला अशाच एका लग्नाला गेलो होतो. नवरदेवाची गाडी वाटेत बंद पडली, मुहूर्त टळला, आणि आम्ही दोघी कंटाळून काठापदराच्या साड्यांतच शिवनेरी चढून आलो. वर पोचल्यावर ती चप्पल काढून पायरीवर बसली आणि म्हणाली, "लई दिवसांनी कुणी हाक न मारता तासभर गेला बघ." त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही एखादा किल्ला करायला लागलो. हडसर, चावंड, जीवधन. अशी पाच वर्षं गेली.

शेवटच्या दोन वर्षांत ती थोडी बदलली होती. शिनोलीत ती शिवणक्लास घ्यायची, तो तिनं बंद केला. स्कूटी भाचीला देऊन टाकली. विचारलं तर म्हणायची, "कंटाळा आला." मी ते वयावर ढकललं. इतक्या लांब चालत जायची कल्पना तिचीच. मी म्हणत होते, पुढच्या वर्षी मुलीची बारावी झाली की जाऊ. तिनं ऐकलं नाही. "यंदाच जाऊ," म्हणाली. "पुढच्या वर्षीचं काय खरं न्हाई."

निघालो त्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं. दिवाळी झाली तरी पाऊस गेला नव्हता. मढला एसटीतून उतरलो, तर खाचरांत कापून ठेवलेलं भात भिजून काळपट पडलं होतं आणि लोक त्यावर प्लास्टिकचे कागद पसरत होते. एकानं आमच्या सॅककडं बघून विचारलं, "कुठं निघाल्या ताई?"

"लोणावळ्याला," मी म्हणाले.

"लोणावळ्याला हिकडनं गाडी न्हाई."

"चालत," मैत्रीण म्हणाली.

त्यानं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं, "बरं" म्हणाला आणि कागदाच्या टोकावर दगड ठेवायला वाकला.

पहिल्या मुक्कामाला आम्हाला नाणेघाटाच्या अलीकडची एक वाडी गाठायची होती. तिथल्या एका घरी माझ्या शाळेतल्या शिपायामार्फत निरोप दिलेला होता. गाव मागं पडल्याबरोबर ती म्हणाली, "तू पुढं हो." एरवी ती पुढं असायची. मी पुढं झाले.

दुपारपर्यंत आम्ही दहा वाक्यंही बोललो नसू. मी वळून बघावं, तर तिची नजर माझ्या टाचांवर. फुलं दाखवली, तर "हं". दूर धरणाचं पाणी शिशासारखं पसरलं होतं, ते दाखवलं, तर थांबून बराच वेळ भलतीकडंच बघत राहिली आणि मग "हां, हां" म्हणाली. जेवायला बसलो तेव्हा मी बाजूनं भाकरी पुढं केली. तिनं हात पुढं केला नाही. दोनदा "घे गं" म्हटल्यावर दचकून घेतली. मला वाटलं, हिचं घरी काहीतरी बिनसलंय आणि ते ही माझ्यावर काढतेय. माझ्याही खांद्यांना पट्टे रुतायला लागले होते. एका चढाला मी ताडकन म्हणाले, "बोलायचंच नव्हतं तर आलीस कशाला?"

ती म्हणाली, "बोलाया लागले की पाय चुकतो."

मी ते थट्टेवारी नेलं.

ती सावकाश चालत होती म्हणून आम्हाला उशीर झाला. ढगांमुळं संध्याकाळ लवकर झाली. वाडीतला धूर समोर दिसत होता, फार तर अर्धा तास उरला होता. वाट खाली दाट झाडीत शिरली. मी वीसेक पावलं गेले आणि मागं पावलांचा आवाज नाही म्हणून वळले. ती वाटेच्या मधोमध उभी होती. दोन्ही हात थोडे पुढं धरलेले.

"काय झालं?"

"थांब. मला दिसत न्हाई."

"अगं मग टॉर्च लाव."

"लावलीय," ती म्हणाली. तिच्या कपाळावरची टॉर्च खरंच लागलेली होती. उजेड माझ्या पोटावर पडला होता. "वाटीएवढंच दिसतंय. बाकी काय न्हाई."

मी परत तिच्यापाशी गेले. ती तिथंच उभी राहून सांगायला लागली, अगदी साध्या आवाजात, जणू पाठ केल्यासारखं. अंधारात तिला लहानपणापासूनच कमी दिसायचं. आई गाजरं खायला घालायची. मग क्लासमध्ये शेजारी ठेवलेली कात्री सापडेना. स्कूटीवर असताना बाजूनं आलेलं वासरू तिला दिसलंच नाही. पुण्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की नजर कडेकडेनं मिटत येते, समोरचं भोक तेवढं राहतं, आणि पुढं तेही राहीलच असं नाही. औषध नाही. याला दोन वर्षं झाली होती.

"दोन वर्षं?" मी म्हणाले. "आणि मला आज सांगतेस? इथं?"

"तुला सांगितलं की खरं व्हतं."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. पुढचे चार दिवस आमची वाट कड्यांच्या धारेनं होती. ढाकोबाच्या डोंगराच्या बाजूला काही ठिकाणी एका वेळी एकच पाऊल मावतं. ते सगळं तिला माहीत होतं, आणि नकाशावर बोट ठेवून ते तिनंच मला दाखवलं होतं. माझ्या सॅकचा एक पट्टा लोंबत होता, तो तिच्या हातात दिला. तो धरून ती मागून आली. अर्ध्या तासाच्या वाटेला आम्हाला दीड तास लागला.

वाडीतल्या घरी एक मावशी आणि त्यांचे थकलेले मालक एवढेच होते. मुलगा नारायणगावला कामाला. बाहेर पडवीत भिजलेलं भात वाळायला पसरलं होतं आणि घरभर त्याचा कुबट वास होता. मावशींनी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. मैत्रिणीनं ताटली घ्यायला हात पुढं केला, तो ताटलीच्या बाजूनं गेला. मावशींनी तिचं मनगट धरून हात ताटलीवर टेकवला, आणि नंतर पाण्याचा तांब्याही तसाच. जेवण झाल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पाव्हणीला दिवसाचं तरी दिसतं का?"

"दिसतं थोडं," मी म्हणाले.

"मंग कड्याला नका नेऊ, बाई."

सकाळी मी तिला म्हणाले, परत जाऊ. ती बुटांच्या नाड्या बांधत होती. म्हणाली, "उजेडात मला समोरचं चांगलं दिसतं. नाणेघाटापर्यंत तरी चल. मग बघू." तिच्या आवाजात विनवणी होती. ती विनवणी मला सहन झाली नाही, म्हणून मी "चल" म्हणाले.

नाणेघाटाच्या तोंडाशी वारा होता आणि खालचं कोकण ढगांतून तुकड्यातुकड्यानं उघडं पडत होतं. ती कड्यापासून बरीच मागं उभी राहिली आणि मान डावीकडून उजवीकडं हळूहळू फिरवायला लागली. मग थोडी खाली, आणि पुन्हा उजवीकडून डावीकडं. भिंत रंगवणारा माणूस जसा पट्ट्यापट्ट्यानं खाली येतो, तशी ती ते सगळं बघत होती. मी पाच मिनिटांत बघून मोकळी झाले होते. तिला अर्धा तास लागला. शेवटी म्हणाली, "झालं. आता ढाकोबा."

मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. तिथून तासभर पुढं गेल्यावर, अगदी सोप्या, रुंद वाटेवर तिचं डावं पाऊल कडेबाहेर पडलं आणि ती कारवीच्या झुडपात घसरली. फार नाही, पुरुषभर खाली. कोपर सोलवटलं, गालावर ओरखडा उठला. मी तिला वर ओढलं. ती हसत होती. "झाडानं धरलं बघ," म्हणाली.

तिला हसताना बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. ही थांबणार नाही, हे मला दिसलं. आणि एक विचार असाही आला की हिला थांबायचंच नसेल. तो विचार मी तिला कधी बोलून दाखवला नाही. आजही मला त्याचं उत्तर माहीत नाही.

"पाणी घेऊन येते," म्हणाले आणि मागं वळून उघड्या टेकाडावर गेले. तिथं रेंज होती. मी तिच्या नवऱ्याला फोन लावला. काय झालं ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण वहिनी, तुमाला सगळं माहिती हाय असं ती बोलली व्हती. डोळ्याचं तुमाला सांगितलंय, तुमी हात धरून नेणार हाय. म्हणून तर मी जाऊ दिली."

मी वळून खाली पाहिलं, ती वाटेवर तशीच बसून होती.

"घाटघर गावात गाडी येती, तिथं आणा तिला," तो म्हणाला. "मी जीप घेऊन निघतो."

मी रिकाम्या हातानं परत आले. ती माझ्या पावलांच्या आवाजाकडं तोंड करून बसली होती. "पाणी?" तिनं विचारलं. मग माझ्या न बोलण्यावरूनच तिला कळलं असावं. "फोन केलास."

"केला."

"इचारायचं तरी व्हतंस मला."

"तू मला विचारलं होतंस? त्यांना खोटं सांगितलंस, मला खोटं सांगितलंस. काही झालं असतं तर तुझ्या पोरांना मी काय तोंड दाखवलं असतं?"

ती कोपरावरचं रक्त ओढणीनं पुसत राहिली. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर आली असतीस का?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. तिनं मान हलवली, जणू मी उत्तर दिलंच होतं.

घाटघरपर्यंत ती माझ्या मागून आली, पण पट्टा धरला नाही. दोनदा अडखळली. मी हात पुढं केला की म्हणायची, "असू दे." पाऊस भुरभुरायला लागला होता. जीप आली तेव्हा आम्ही एका बंद टपरीच्या छपराखाली उभ्या होतो. नवरा उतरला, तिच्या गालावरचा ओरखडा बघितला, आणि तिच्या पाठीवरची सॅक काढून घेतली. जीपमध्ये ती पुढं बसली. त्यांनी मला कळंबपर्यंत आणून सोडलं. सगळ्या वाटेत नवऱ्यानं एकदाच विचारलं, "जेवल्या का तुमी?" आम्ही दोघी एकदम "हो" म्हणालो. जेवलो नव्हतो.

त्यानंतर चार महिने तिनं माझा फोन उचलला नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला मीच शिनोलीला गेले. तिनं दार उघडलं, आवाजावरून ओळखलं, आत बोलावलं. नजरेचं भोक आणखी लहान झालं होतं. दारापासून मोरीपर्यंत नवऱ्यानं नायलॉनची दोरी बांधली होती. ती चहा करायला उठली. मी उठले तर म्हणाली, "बस, मला येतं." साखरेचा डबा, पातेलं, गाळणी, सगळं तिनं बोटांनी मोजून ठेवलं होतं. माझ्या शाळेची चौकशी केली, मुलीच्या अभ्यासाची केली.

चहा संपल्यावर मी म्हणाले, "माझं चुकलं असेल तर…"

"तुझं न्हाई चुकलं," ती म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर मीबी फोनच केला असता. मी लई इचार केला त्याचा." तिनं कप खाली ठेवला, ठेवताना बशी बोटानं चाचपून. "पण न्हाई विसरता येत मला. काय करू?"

मी दोघींचे कप मोरीत नेऊन ठेवले. थोड्या वेळानं गाडीची वेळ झाली म्हणून मी निघाले.

आता मी दोन-तीन महिन्यांनी जाते. ती कधी नको म्हणत नाही आणि कधी "ये" असंही म्हणत नाही. संध्याकाळी नवरा तिला गावाजवळच्या धरणाच्या बाजूला फिरायला नेतो. मी असले तर मीही जाते. ती त्याचा दंड धरते, मी त्यांच्या मागून चालते. एकदा रस्ता रुंद होता म्हणून तिच्या दुसऱ्या बाजूला जाऊन चालायला लागले. तिनं तो हात ओढणीत घेतला.

मागच्या महिन्यात तिच्या थोरल्या मुलाचा साखरपुडा झाला. मांडवात बायकांची दाटी होती. ती मधोमध बसली होती, नव्या साडीत, केसांत गजरा, चेहरा सरळ समोर. मी जवळ जाऊन अभिनंदन केलं. तिनं शेजारच्या बाईला सरकायला सांगितलं, माझ्यासाठी जागा केली, "बस," म्हणाली, आणि पुन्हा आपल्या जावेशी पाहुण्यांच्या पंगतीबद्दल बोलायला लागली. जेवणाचं बोलावणं येईपर्यंत मी तिथं बसून होते.