वेळ अमावस्येला भरलेले फॉर्म

ज्या दिवशी मंद्रूपमध्ये घराघराला कुलूप असतं, नेमक्या त्याच दिवशी मी तिथे घरोघर फिरून बायकांना त्यांच्या खोकल्याबद्दल विचारलं, असं एका शोधनिबंधाच्या कागदपत्रांत लिहिलेलं होतं. निबंधावर दुसरं नाव माझं होतं.

हे कसं झालं ते सांगते, आणि स्वतःला वगळून सांगणार नाही. सोलापूरच्या बाहेर एक लहानसं खासगी विद्यापीठ आहे, तिथे मी शिकवते. आमच्या विभागात एक रीत होती. विभागप्रमुख सरांच्या निबंधावर माझं नाव, माझ्या निबंधावर सरांचं. बढतीला निबंध मोजतात, मग एकमेकांना हात द्यायचा, त्यात काय एवढं, असं सगळे म्हणायचे आणि मीही म्हणायचे. सरांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं, मी सही केली. विषय होता चुलीचा धूर आणि बायकांचा खोकला. निष्कर्ष असा, की गॅस आला आणि खोकला गेला. मी तेवढंच वाचलं होतं.

तक्रार केली ती सरांच्याच हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या मुलीनं. शहरातल्या विणकराच्या घरची, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि बोलणं दोन्हीकडे मोजकं. मंद्रूपला जाऊन तिनं खरोखर भरलेले फॉर्म एका पिशवीत मावत होते. निबंधात मात्र सगळं गाव आलं होतं. बाकीचे फॉर्म कुठून आले, एवढंच तिनं अर्जात विचारलं. सरांनी लेखी उत्तर दिलं, की ते त्यांनी आणि मी मिळून एका दिवसात भरले.

मग चौकशी समिती आली. नियमावलीत एक कलम होतं: तक्रार खोडसाळ ठरली तर तक्रारदाराची नोंदणी रद्द. म्हणजे मी समितीपुढे नुसती मान हलवली असती, तरी त्या पोरीची चार वर्षं पाण्यात गेली असती.

त्या आठवड्यात सर घरी आले. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा याच माणसानं महिनाभर माझे तास घेतले होते आणि कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला ते आठवत होतं, आणि म्हणूनच त्यांचा जास्त राग येत होता.

"तुम्ही फक्त हो म्हणायचं," ते म्हणाले. "मुलीचं मी नंतर बघतो. उगाच राईचा पर्वत कशाला?"

"सर, आधी मला ते फॉर्म बघू द्या."

चहा अर्धा ठेवून ते उठले.

सरांच्या उत्तरासोबत तिला आलेल्या फॉर्मच्या झेरॉक्स शेवटी त्या मुलीनंच दिल्या, नवी पेठेत एका दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या. मी चाळायला लागले. सगळ्यांवर एकच तारीख. ती वाचली आणि मला हसूच फुटलं. मुलगी बघत राहिली, कारण शहरात वाढलेल्या तिला त्या तारखेचं काही वाटलं नव्हतं. ती वेळ अमावस्या होती. आमच्या दक्षिणेकडच्या गावांत त्या दिवशी घरात कुणी थांबत नाही. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे टोपलीत भरून सगळी माणसं सकाळीच शेतात जातात, पूजा करून तिथेच जेवतात आणि दिवस कलल्यावर परततात. सर इतकी वर्षं सोलापुरात राहिले, पण कुणी शेतावर जेवायला बोलावलं की त्यांना काम निघायचं. मी तर त्या दिवशी दुधनीला आमच्या शेतात अव्वाच्या, म्हणजे आईच्या, हातचं जेवत होते. रजेच्या अर्जात कारण लिहिलं होतं, आणि खाली मंजुरीची सही सरांची होती.

हसू ओसरल्यावर मात्र पुढचं लक्षात आलं. फॉर्म खोटे असतील तर निबंध खोटा, आणि तो माझाही होता.

समितीत तिघे होते, अध्यक्ष बाहेरगावचे. सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं की सॉफ्टवेअरनं निबंध तपासला आहे, उचलेगिरी मर्यादेच्या आत आहे. असणारच. खोटं स्वतःच्या शब्दांत लिहिलं, तर सॉफ्टवेअर बिचारं काय करणार? मी रजेचा अर्ज पुढे ठेवला आणि वेळ अमावस्या म्हणजे काय ते सांगितलं. अध्यक्षांना पटेना. सगळं गाव कसं बाहेर असेल, म्हणाले. चहा ठेवत असलेले आमचे शिपाईमामा मध्येच बोलले, "सायेब, त्या दिशी गावात कुत्रं बी घावत न्हाय की."

"तारीख चुकून पडली असेल," अध्यक्ष म्हणाले. "दुसऱ्या एखाद्या दिवशी गेला असाल."

इथे मला एक वाट होती, आणि ती त्यांनी अगदी प्रेमानं उघडून दिली होती. मी म्हटलं, "मी कुठल्याच दिवशी गेले नाही. निबंध न वाचता सही केली. असंच लिहून घ्या."

"मॅडम, हे तुमच्याविरुद्ध जाईल. तुमची दिशाभूल झाली असं लिहू या का?"

"नको. मला वाचता येतं."

जबाबाच्या प्रत्येक पानावर सही केली, आणि या वेळी प्रत्येक पान वाचून केली.

अहवाल आला तो गुळमुळीत. खोटे फॉर्म हे शब्द कुठेच नव्हते, "गंभीर त्रुटी" होत्या. निबंध मागे घेतला गेला. सरांना नवे विद्यार्थी देणं थांबवलं. माझ्या फाइलला ताकीद लागली आणि बढतीची मुलाखत लांबली. ताकीद लागायलाच हवी होती, तरी दोन दिवस मला जेवण गेलं नाही. त्या मुलीची नोंदणी टिकली, पण तिला घ्यायला कुणी गाईड तयार होईना. तक्रार करणारी मुलगी कोण ओढवून घेणार? मी कुलसचिवांकडे तीन वेळा गेले. चौथ्या वेळी तिची गाईड म्हणून माझं नाव लागलं.

मागच्या महिन्यात आम्ही दोघी कोरे फॉर्म घेऊन मंद्रूपला गेलो. एका घराचा जुना फॉर्म माझ्याकडे होता. त्यावर लिहिलं होतं: स्वयंपाक गॅसवर, खोकल्याची तक्रार नाही. त्या घरातली बाई चुलीपुढून उठून, पदरानं डोळे पुसत बाहेर आली. आम्हाला बसायला पोतं टाकायच्या आधी ती खांबाला धरून बराच वेळ खोकली.

"मावशी, गॅस नाही का?"

"हाय की. च्या गॅसवर, भाकरी चुलीवर."

"खोकला कधीपासून आहे?"

"लई वर्सं झाली."

मी जुना फॉर्म पर्समध्ये ढकलला. "याआधी कुणी विचारायला आलं होतं?"

"न्हाय की," ती म्हणाली. "कोन आलं असतं, तर सांगितलं असतं."