सासूबाईंनी दिलेलं उत्तर

तेव्हा आम्ही अमडापूरला राहायचो. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. दुपारी मी जप आटोपून उठले, तर दारात एक अनोळखी बाई... विद्यापीठातून आलेल्या. कॉलेजच्या मुलींना शिक्षणात आणि पुढे नोकरीत काय काय अडचणी वाटतात, ते मोजायला म्हणे!

आमच्या घरात कॉलेजात जाणारी एकच, माझी धाकटी नणंद कुसुम. रोज एसटीने चिखलीला जायची. आणि नेमकं आदल्याच दिवशी सासूबाईंनी तिला बजावलं होतं, "परीक्षा झाली का कालेज बंद. पाव्हने पाहाले येऊन राह्यले." तेव्हापासून पोरगी जेवली नव्हती.

बाईंनी आधी गेल्या वर्षीचे मार्क विचारले... जेमतेम पास. मग एकेक अडचण वाचायची आणि कुसुमने सांगायचं, अजिबात नाही, थोडी, की खूप. बाईंना तिच्याशी एकटीशीच बोलायचं होतं. पण सासूबाई समोर तूर निवडत बसलेल्या, त्या कशाला हलतात!

"जाण्यायेण्याची अडचण?"

"नाही."

"घरकामामुळे अभ्यासाला वेळ मिळत नाही?"

"नाही."

"पुढे शिकायला घरच्यांचा विरोध?"

कुसुमने मान वर केली नाही. "अजिबात नाही."

मी आत चहा टाकत होते. महिन्याच्या हिशोबात साखर कधी पुरायची नाही, पण त्या दिवशी किती पडली तेही कळलं नाही... मी सून. मध्ये बोलणार तरी काय?

शेवटी बाई म्हणाल्या, "अडचण एकही नाही, मग मार्क असे कसे? तुलाच अभ्यासाची आवड कमी दिसते."

सुपातला हात थांबला.

"आवड कमी?" सासूबाई कडाडल्या. "काय बोलून राह्यल्या बाई तुम्ही? पानी भरते, भाकरी थापते, अन् चुलीच्या उजेडात वाचते माही पोर! एसटी नाही आली तं रडते ते!"

"मग विरोधाचं काय लिहू?"

मी कपबशी घेऊन दारातच थबकले...

"मीच नाही म्हनतो ना तिले. लिवा," सासूबाई म्हणाल्या.

"थोडा, की खूप?"

झालं, आता या बाई चहा न घेताच जाणार, असं मला वाटलं. सासूबाईंनी तुरीतला खडा वेचून बाजूला टाकला.

"खूप," त्या म्हणाल्या. मग कुसुमकडे वळल्या. "अन् तू काऊन खोटं बोलते व? पाव्हन्यायले सांगतो मी, पोरीचं शिक्षन होऊ द्या म्हनून."

कुसुमला रडूच फुटलं.

"आता काऊन रडते? आता कोनती अडचन राह्यली?"

कुसुम बी.ए. झाली, पुढे शाळेत लागली. बाई जे मोजून घेऊन गेल्या त्याचं काय झालं, आम्हाला कधी कळलं नाही... पण परक्या माणसासमोर, पोटच्या लेकीसमोर असं खरं बोलायला केवढी छाती लागते! देवापुढे दिवा लावताना सासूबाईंना हात जोडल्याशिवाय मी आजही उठत नाही.