जमादाराचं सील

लढाई सुरू झाली आणि सरकारला माझी भीती वाटू लागली. मी बुधवार पेठेतला शाळामास्तर. घरी जुळवलेल्या बिनतारी यंत्रावर तारबाबूसारखी टिकटिक करत परदेशातल्या अनोळखी हौशी लोकांशी हवापाण्याच्या गप्पा मारायचो. एवढ्यानं साम्राज्य बुडेल म्हणून ठाण्याचा जमादार आला, यंत्र कपाटात कोंडलं आणि कपाटाच्या दाराला लाखेचं सील ठोकलं. दर शुक्रवारी तपासायला येईन, असा दमही भरला.

पहिल्याच शुक्रवारी त्यानं सील पाहिलं, चहा प्यायला आणि हळूच विचारलं, "मास्तर, यावर जर्मनी लागते का हो? आपले साहेब लोक खरं सांगत नाहीत."

मी गुपचूप सिलाकडे बोट दाखवलं. ते त्यानं स्वतःच चाकूनं उडवलं, तासभर कान लावून ऐकलं, मग आमच्याच चुलीवर लाख वितळवून नवं सील ठोकलं आणि वहीत लिहिलं, "सील शाबूत." पुढं दर शुक्रवारी हेच.

तीन वर्षांनी गोरा साहेब तपासणीला आला. सील अगदी कालच लावल्यासारखं दिसतंय म्हणून त्यानं जमादाराची पाठ थोपटली.

कालच लावलं होतं. काल शुक्रवार होता.