सुरेखाचा दाखला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण परवा सुरेखा येऊन गेली.

सुरेखा माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन तेरला आले तेव्हा शाळेत होती, सारखी माझ्या मागेमागे. बारावीनंतर तिला धाराशिवला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फक्त उत्पन्नाचा दाखला जोडायचा राहिला होता. ती सेतू केंद्रात निघालीच होती — मीच अडवलं. म्हटलं, रांगेत कशाला उभी राहतेस, घरीच भरते मी ऑनलाइन. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली सून ना मी! घरात केवढं कौतुक माझं.

सासूबाई तेव्हा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या. माझं बाळ अंगावर पिणारं. सासूबाईंना कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं — सगळं सुरेखा करायची. ती गेली तर? मी फार घाबरले होते. पण हे सांगून काय उपयोग? घाबरलेली माणसं काय सगळीच असं वागतात?

अर्ज भरला. कागद जोडले. शेवटचं बटण — ते तेवढं दाबलं नाही.

बाहेर येऊन म्हणाले, सर्व्हर डाऊन आहे गं, सेतूतही तेच. किती सोपं! सर्व्हर कुणी पाहिलाय? ती रोज विचारायची, मी रोज तेच सांगायचे. मुदत संपली. ती खूप रडली, आणि वर माझीच समजूत घातली, "तुमी तरी काय करणार, वहिनी."

सासूबाई दिवाळीच्या आतच गेल्या. सुरेखा पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करणार होती, तोवर स्थळ आलं. ईट गावात दिली तिला. तिथं ती बायकांना सांगते, त्या ऑनलाइनच्या नादी लागू नका, ऐन वेळेला दगा देतंय. साध्या कागदासाठी मजुरी बुडवून तालुक्याला खेटे घालते. हे मीच शिकवलं ना तिला?

परवा आली ती लेकीच्या वसतिगृहासाठी. तोच, उत्पन्नाचा दाखला. आता तो ऑनलाइनच निघतो म्हणून कचेरीतून परत पाठवलेली. गावातल्या केंद्रावर गेली नाही. एसटीनं थेट माझ्याकडं.

"तुमीच भरा, वहिनी. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा न्हाय."

ती शेजारी बसली. मी अर्ज भरला, बटण दाबलं, पोच आली. ती स्क्रीनकडं बघतच राहिली.

"एवढंच असतंय व्हय?"

मी बोलणार होते. खरंच — तोंड उघडलं होतं.

"मंग माझंच नशीब लई वाईट," ती म्हणाली.

आणि मी हो म्हणाले.