पुलावरची शेवटची सायकल

इचलकरंजीच्या एसटी स्टँडवर मला सोडायला बाबा सायकल घेऊन आले होते. सायकलवर बसून नव्हे. माझी मोठी बॅग कॅरिअरला बांधली होती आणि ती कलंडू नये म्हणून बाबा एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने बॅग धरून चालत होते. मागे मी आणि आई. युनियनमधले काकाही आले होते. त्यांच्यातल्या एकाने बाबांना चिमटा काढलाच, की जन्मभर भांडवलदारांविरुद्ध पत्रकं वाटलीस आणि पोरगी निघाली थेट त्यांच्या माहेरी. बाबा हसले नाहीत. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडं पत्रक वाटलंस तर समोरच्याच्या डोळ्यात बघून दे. मान खाली घालून दिलेला कागद कुणी वाचत नाही."

आमच्या घरात भाषणं बाबांची. यंत्रमाग कामगारांच्या मोर्चात बाबा पुढे, माईक घेऊन. आई अगदी मागे. कुणाची चप्पल तुटलेली, कुणाच्या कडेवर मूल, कुणाला धाप लागलेली, अशी सगळी माणसं आईच्या वाट्याची. पुढे गुडघे गेले आणि ती घरी बसायला लागली. मग आम्ही मोर्चावरून परतलो की बाबा किती गर्दी होती ते सांगत असत आणि आई पाण्याचा तांब्या पुढे करत एकच विचारत असे, "शेवटचं माणूस पोचलं का?"

अमेरिकेत, टेक्ससमधल्या अर्विंगला उतरले तेव्हा मला वाटलं, इथे शेवटचं माणूस कुणी बघत नसावं. कारण माणूसच दिसत नव्हतं. दिसत होत्या त्या गाड्या. माझ्या अपार्टमेंटमधून फ्रीवेच्या पलीकडची देसी दुकानाची पाटी दिसायची. इतकी जवळ, की दगड मारला तर लागेल असं वाटावं. पण मध्ये सहा पदरी रस्ता आणि त्यावरून जाणारा पूल, आणि त्या पुलाला फुटपाथच नाही. ऑफिसातले सगळे म्हणाले, पहिल्या महिन्यात गाडी घे. मी जुनी सायकल घेतली. सोमवारी हेल्मेट हातात घेऊन लिफ्टमध्ये शिरले, तर पुण्याचा एक टीममेट हळूच विचारतो, "यार, सगळं ठीक आहे ना? काही प्रॉब्लेम असेल तर सांग." ज्याच्याकडे पर्याय नाही तोच सायकल चालवतो, हे आपण इकडे येताना बॅगेत भरून आणलेलं असतं. गाडी घेतली की माणूस मार्गी लागला.

मला माझी माणसं रविवारी सकाळी सापडली. उन्हाचा तडाखा बसायच्या आत निघणारी एक सायकल राईड असते. तिच्यात भारी सायकल आणि घट्ट जर्सीवाले थोडे. बाकी हॉटेलात काम करणारे, विद्यार्थी, एक निवृत्त नर्स. राईडची म्होरकी रोझा. ती हॉटेलच्या खोल्या साफ करते आणि कामावर सायकलनेच जाते, कारण बस तिच्या शिफ्टच्या वेळेला नसते. या राईडचा नियम एकच: कुणालाही मागे टाकायचं नाही. म्हणून एकजण मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी राहतो. त्याला स्वीप म्हणतात. त्याने कुणालाही ओलांडायचं नाही. कुणी थांबलं तर त्यानेही थांबायचं. रोझाने हे काम कुणाला हवंय विचारलं तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. आमच्या घरातलं आईचं पद मला टेक्ससमध्ये मिळालं. ऑफिसातल्या कुठल्याही प्रमोशनचा मला एवढा अभिमान वाटलेला नाही.

मग मी पत्रक काढलं. दुसरं करणार काय, ते रक्तातच आहे. 'पूल सर्वांचा आहे' असा मथळा, एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. पुलावर सायकलसाठी वेगळी जागा हवी ही मागणी. देसी दुकानाच्या पार्किंगमध्ये उभी राहून वाटायला लागले. ओळखीचे लोक समजावत होते, की व्हिसावर आहेस, कशाला भानगडीत पडतेस. एकाने माझ्यासमोर त्या कागदाला समोशाचे हात पुसले. मी त्याच्या डोळ्यात बघून त्याला दुसरा दिला.

एका गाडीत पुढच्या सीटवर एक काकू बसल्या होत्या, काच खाली करून. त्यांनी पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "नुसतं लिहून राहिली, की चालवून पण राहिली?"

या सुलभाकाकू. नागपूरच्या, शाळेत शिक्षिका होत्या, रोज सायकलने जायच्या. काका गेल्यावर मुलगा मंदार त्यांना इकडे घेऊन आला. मंदार चांगला मुलगा आहे, हे आधीच सांगते. आईची औषधं, आईचा वेगळा टीव्ही, सगळं बघतो. पण काकूंना गाडी चालवता येत नाही आणि कोथिंबीर संपली तर त्यांना शनिवारपर्यंत वाट बघावी लागते. अ‍ॅपवर मागव, असं मंदार म्हणायचा. काकूंचं म्हणणं, जी जुडी मी हातात घेतली नाही, नाकाला लावली नाही, ती माझ्या स्वयंपाकात कशाला. त्यांना पूल ओलांडून त्या दुकानात जायचं होतं. एकट्यानं, मनात येईल तेव्हा. एवढीच मागणी. माझ्या अख्ख्या पत्रकात इतकी नेमकी मागणी नव्हती.

काकूंनी सायकल घेतली. मंदारने ती जागा अडते म्हणून गॅरेजच्या भिंतीवर उंच हुकाला टांगली. काकूंचा मला फोन, "माझ्या सायकलला फाशी दिली त्याने." मी बोलायला गेले तर मंदार शांतपणे म्हणाला, की सायकल इथे एक्सरसाइजसाठी असते. आईला हवं तर गाडीत टाकून ट्रेलवर, बागेतल्या सायकलवाटेवर, नेईन, तिथे चालवू दे. पण पुलावर नाही. तिथे लोक कसे ड्राइव्ह करतात ते त्याला माहीत होतं. "मी स्वतः सायकलवाल्यांना हॉर्न मारतो," तो म्हणाला.

त्या खरेपणाचा मला राग आला. पण त्याची भीती खोटी नव्हती.

पुढच्या शनिवारी काकूंनी त्याला जेवताना सांगितलं, की उद्या राईडबरोबर पुलावरून जाणार. सायकल काढून ठेव, नाही तर मी काढते. त्याने काढली नाही. रविवारी सकाळी काकूंनी स्वयंपाकघरातलं स्टूल नेलं आणि काढली. सलवारीच्या पायाला रबरबँड, अंबाड्यामुळे हेल्मेट थोडं पुढे झुकलेलं, अशा त्या आल्या तेव्हा रोझाने त्यांना मिठीच मारली.

पुलाचा चढ गाडीतून जाणवत नाही. सायकलवर जाणवतो. अरुंद लेन सायकलवाल्याला पूर्ण वापरता येते, तसा इथला कायदाच आहे. म्हणून आम्ही उजव्या लेनच्या मधोमध चाललो होतो. अर्ध्या चढावर काकूंची धाप वाढली आणि त्या उतरल्या. मी उतरले. बाकीचे पलीकडे जाऊन थांबले. लेनमध्ये आम्ही दोघीच, पायी, सायकली हातात धरून. तेवढ्यात मागून गाडी आली. मी मान वळवली. मंदारची गाडी होती.

त्याने काच खाली केली. चेहरा पांढरा पडलेला. "आई, प्लीज. आत बस. सायकल मी मागे टाकतो."

माझ्या तोंडात सगळी भाषणं तयार होती. काकूंनी वेळच दिला नाही.

"मंदार, बोलत नको बसू," त्या पुढेच बघत म्हणाल्या. "मागून कोणाला अंगावर येऊ नको देऊ."

मग मागे टिक-टिक ऐकू आली. त्याने गाडीचे लुकलुकणारे हॅझर्ड लाइट लावले होते.

काकू चालू लागल्या. मी त्यांच्या मागे. माझ्या मागे मंदारची गाडी, माणसाच्या चालीने. त्याच्या मागे एक उंच पिकअप ट्रक आला आणि हॉर्न दाबूनच धरला. शेवटी डावीकडून पुढे जाताना त्या माणसाने मंदारला शिवीही दिली. मंदारने स्टिअरिंग हलवलं सुद्धा नाही, तिथेच राहिला. वर्षभर मी गाड्यांविरुद्ध लिहीत आले आणि त्या दिवशी स्वीपचं काम एका गाडीने केलं. मी फक्त शेवटून दुसरी होते. माथ्यावर काकू पुन्हा सायकलवर बसल्या आणि उतारावर त्यांनी ब्रेक अजिबात लावला नाही. पलीकडे सगळे घंट्या वाजवत उभे होते.

दुकानात काकूंनी जुड्या एकेक करून नाकाला लावल्या. मंदार ट्रॉली धरून उभा होता. मला हळूच म्हणाला, "त्या ट्रकवाल्यासारखाच मी पण वाजवतो ना?" मी हो म्हटलं. मग त्याने पत्रक मागितलं.

पुलावर सायकलसाठी जागा अजून झालेली नाही. पुलाबद्दल नगरपालिकेत होणाऱ्या पुढच्या सुनावणीला मी बोलणार आहे. मंदारनेही नाव दिलंय. व्हिसावर असलेल्या माणसालाही रस्ता ओलांडायचा असतो, हे मी तिथे ताठ मानेने सांगणार आहे.

मी घरी फोन केला तेव्हा बाबांना सगळी लढाई ऐकायची होती. आईने फोन घेतला आणि विचारलं, "शेवटचं माणूस पोचलं का?"

पोचलं, म्हटलं. गाडीतून आलं, पण पोचलं.

तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांनो, घर कुठलं, असं तुम्ही मला विचारता. इचलकरंजी माझं घर आहेच. पण परवा बुधवारी आमच्या राईडच्या ग्रुपवर मंदारचा मेसेज आला, की आई एकटीच निघाली आहे, पोचली का, कुणाला कळलं का? रोझाने विचारलं, नर्सने विचारलं, मीही विचारलं. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये मी स्क्रीनकडे बघत होते आणि लक्ष सगळं फोनवर होतं. माझ्या आईचा प्रश्न इतकी माणसं विचारत होती, त्यातल्या कुणीही तिला पाहिलेलं नसताना. हेही माझं घरच.

मग ग्रुपवर काकूंचा रेकॉर्ड केलेला आवाज आला, थोडी धाप लागलेला: "पोचली बाप्पा. पुदिना बरा आहे. कोथिंबीर आज काही खास नाही."