पुलाचा पुसट मध्यभाग

शलाका गेल्याचे तिच्या भावाने पुण्याहून कळवले, तेव्हा मी क्योतोमध्ये विद्यापीठाच्या बसथांब्यावर उभी होते. बस आली, गेली... आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आता हिला कधीच मागे टाकता येणार नाही.

आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होतो. जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतर तिथले सारे काम पुलांच्या कंपनांकडे वळले होते. गणित माझे अधिक पक्के, शोधनिबंधही माझे अधिक. खिडकीजवळचे टेबल मात्र तिचे. त्यावरच्या भिंतीला तिने एका जुन्या छायाचित्राची मोठी प्रत लावली होती : व्हिक्टोरिया राणीच्या आरंभीच्या काळातला, इंग्लंडमधल्या एका नदीवरचा झुलता पूल. त्या काळी कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागे, त्यामुळे चालती माणसे उमटतच नसत. भर दिवसाचा तो पूल ओस दिसे. मनोऱ्यापाशी कठड्याला टेकून थांबलेला एकच माणूस तेवढा शिल्लक होता.

"मधला भाग पुसट आहे. भिंगाचा दोष," मी एकदा म्हणाले.

"अगं शहाणे, भिंगाचा दोष असता तर कडा पुसट झाल्या असत्या. इथे मनोरे बघ, कसे लख्ख आहेत. पूल वाऱ्यानं हलतोय!"

मागे आमचे प्राध्यापक उभे होते. ते वाकले, पाहत राहिले आणि म्हणाले, "ओमोशिरोई." अर्थ एवढाच की 'यात गंमत आहे', पण हा शब्द ते फार जपून खर्च करत. माझ्या वाट्याला नेहमी 'बरोबर आहे, पुढे चला' येई. त्या पुसट पट्ट्यातून शलाकाच्या प्रबंधाचा विषय उभा राहिला. चित्र तर मीही रोज पाहत होते... ते अजून सलते.

वर चिडवायचीही. "मॅडम, जरा थांबा की! चालणाऱ्यांचं त्या पुलावर काय झालं, बघताय ना?"

मग आजारपण, अर्धा राहिलेला प्रबंध, पुणे.

दारातल्या फळ्यावर आमच्या नावांची चुंबके असतात. येता-जाता ती 'आत' किंवा 'घरी' या रकान्यांत सरकवायची. तिचे चुंबक अजून 'घरी'मध्येच आहे. प्राध्यापकांनी विचारले, "ती जागा तुम्ही घ्याल का?" मी तत्काळ होकार दिला.

आता खिडकीशी मी बसते. चित्र उतरवायला म्हणून उठते आणि त्या पुसट भागापाशी अडते. तिला न दिसलेले काही मला दिसावे, म्हणून पाहत राहते. काल प्राध्यापक मागे येऊन उभे राहिले. मी वळले नाही. त्या एका शब्दाची वाट पाहिली...

"शलाका-सानही अशाच उभ्या राहायच्या," ते म्हणाले.