बर्फासाठी कापलेला बांबू

मला बर्फावर घसरायला जायचं होतं. हे वाक्य मी आजवर एकाही पत्रकात लिहिलेलं नाही. आमच्या पत्रकांत मागण्या असतात आणि ही मागणी कुणाकडे करायची ते मला ठाऊक नव्हतं.

मी लहान असताना तिसगावच्या आमच्या घरात खताच्या दुकानातून मिळालेलं कॅलेंडर होतं. डिसेंबरच्या पानावर एक बाई पायांना दोन लांब पट्ट्या बांधून पांढऱ्याशुभ्र उतारावरून खाली येत होती. वर्ष सरल्यावर आईने बाकीची पानं चुलीत घातली, डिसेंबर मी लपवला आणि माझ्या पत्र्याच्या पेटीला आतून चिकटवला. उन्हाळ्यात घर तापलं की मी पेटी उघडून बसायची. आई म्हणायची, "काय गं, त्यातनं वारं येतंय का?" येत होतं. तिला कसं सांगणार?

आबा, म्हणजे माझे वडील, विहिरी खोदायच्या कामावर होते. सुरुंग लावायचा, फुटलेला दगड दोराने वर काढायचा. खाली भर उन्हाळ्यात पण गार असतं, असं ते सांगायचे. संध्याकाळी ते आले की मी त्यांच्या पाठीला गाल लावायची. शर्ट गारच असायचा. तो घामाने गार असतो हे मला फार पुढे कळलं.

मोठी झाल्यावर मी मजुरांच्या संघटनेत गेले आणि विहिरीवरच्या मजुरांना विमा मिळावा म्हणून पत्रकं लिहायला लागले. 'दोर तुटला तर माणूस मरतो, आणि कागदावर तो कामालाच नसतो.' हे माझं वाक्य. मी ते प्रत्येक पत्रकात घालायचेच.

तेवीस वर्षांची असताना नगरच्या एका कॉलेजच्या फलकावर हिमाचलातल्या एका केंद्राची जाहिरात दिसली. आठ दिवस स्कीइंग, राहणं-जेवण तिथेच, फी सवलतीची, वय पंचवीसपर्यंत. मी ती तीनदा वाचली. बरोबरचा कार्यकर्ता म्हणाला, "काय ताई, इथं टँकर येईना आन् तुम्ही बर्फात लोळायला निघाल्या?"

"येताना टँकर भरून आणते," मी म्हणाले. पण कान तापले होते. मजुराच्या पोरीने पाणी मागावं, धान्य मागावं, मजुरी वाढवून मागावी. मजा मागू नये, हे कुणी ठरवलं? त्याला तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी चोरून अर्ज मागवला.

अर्ज आला, तो आबांना वाचून दाखवला. घालायचं सामान आपलं आपण आणायचं होतं. स्की, म्हणजे पायांना बांधायच्या त्या लांब पट्ट्या, केंद्राकडून मिळणार होत्या, पण लांबी आधी कळवायची: ताठ उभं राहून हात वर करा, जमिनीपासून मनगटापर्यंत भरेल तेवढी. शिवाय अपघात विम्याचा कागद जोडायचा, त्याशिवाय प्रवेश नाही.

"हात वर करून?" आबा खूश झाले. "ह्यो तर परस झाला की!"

विहिरीची खोली आमच्याकडे परसात मोजतात. माणूस हात वर करून उभा राहिला की एक परस. मालक मोजायला मुद्दाम उंच गडी आणतात, म्हणजे खोदलेलं कमी भरतं. म्हणून टोळीतले लोक बेताच्या उंचीच्या आबांचाच परस धरायचे आणि त्यावरून भांडायचे. आबांनी बांबू आणला, भिंतीला लावला, मनगटापाशी कोयत्याने खूण केली. शेजारच्या शिंप्याची टेप आणून मोजलं. सव्वासहा फूट. मी विम्याचा भाग वाचत होते, तेवढीच लांबी लिहून मोकळी झाले.

मग आम्ही दोघं एसटीने नगरला गेलो. आधी भिंगारला, लष्करातून निघालेला जुना माल विकणाऱ्या दुकानात. मला मऊ, लाल हातमोजे आवडले होते. आबांनी ते बाजूला सारले. एक काळा चामड्याचा जोड उलटा करून शिवण तपासली, हातात घातला आणि माझं मनगट धरून जोरात ओढलं.

"निसटत न्हाई. ह्योच घे."

"आबा, मला दोर नाही धरायचा."

"काय धरावं लागंल ते तुला तरी काय ठावं?"

गॉगल त्यांनी उन्हाकडे धरून पाहिले. बुटांच्या टाचा एकमेकींवर आपटल्या. दुकानदार म्हणाला, "काका, पोरीला सीमेवर पाठवताय का?"

"त्याच्याबी वर," आबा म्हणाले. इतका ताठ आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

तिथून सावेडीला, विमा एजंटच्या फ्लॅटवर. एजंट भला माणूस होता, चहा पाजला. "स्कीइंगचं आजवर कुणी विचारलं नाही बुवा," म्हणत त्याने दरांचं पुस्तक काढलं आणि बोट फिरवत वाचलं, "जास्त धोक्याचा गट. जमिनीखाली काम करणारे, सुरुंगाची दारू हाताळणारे, सर्कशीतले, बर्फावरचे खेळ खेळणारे. म्हणजे ताई, तुम्ही सर्कसवाल्यांच्या शेजारी!"

आबा पुढे सरकले. "सुरुंगवाले बी त्यातच?"

"त्यातच."

"मंग मी लेकीच्या वळीतच हाय. माझा बी उतरवा."

एजंटचं हसू थांबलं. "काका, तुमचं तसं नाही. तुम्हाला मालकाचं पत्र लागेल. सुरुंगाचा परवाना लागेल."

"पत्र कोन देतंय? पानी लागलं की मालक वळखत न्हाई."

"मग अवघड आहे."

"आन् हिचं?"

"त्यांना केंद्राचं पत्र आहे. त्यांचं आज होईल."

माझं डोकं फिरलं. एका ओळीत दोन माणसं. मजेसाठी घसरणाऱ्या बाईला कागद मिळतो, पोटासाठी सुरुंगावर वाकणाऱ्याला नाही! मी उभी राहिले, पत्रकातलं माझं वाक्य त्या चहाच्या कपांसमोर म्हणाले आणि केंद्राचा अर्ज फाडला. "आबांचा उतरेल त्या दिवशी माझा उतरवा," असं बजावून बाहेर पडले. आबा मागे राहिले होते. वळून पाहिलं तर ते फरशीवरचे तुकडे वेचून खिशात घालत होते.

परतीच्या एसटीत करंजीचा घाट आला. आबा म्हणाले, "माझं नाव पुढं करून फाडलास. मी म्हनलो हुतो का?"

"आबा, हा अन्याय आहे."

"हाय की. तुज्या आधीपासनं मला ठावं हाय." खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खाली काय असतंय ते मी बगितलंय. वर काय असतंय ते तू येऊन सांगनार हुतीस."

मी काय केलं होतं? त्यांना हवं होतं तेच त्यांच्या नावाने फाडून टाकलं होतं.

पुढच्या वर्षी जाऊ, आबांच्या पॉलिसीसकट जाऊ, असं ठरवलं. तहसिलीवर मोर्चे नेले, निवेदनं दिली, आश्वासनं घेऊन परतलो. विमा झाला नाही. आबांची कंबर गेली आणि ते विहिरीवर जायचे थांबले. हातमोजे पेटीत पडून राहिले. मला अजून स्वप्नात तो उतार दिसतो. त्यात आवाज अजिबात नसतो. दर हिवाळ्यात पेपरात उत्तरेकडचे फोटो आले की आबा विचारतात, "पडला का गं बर्फ?"

"पडला."

"किती?"

"गुडघाभर म्हणतात."

यंदा त्यांनी आढ्याला खोचलेला तो बांबू खाली काढायला लावला. "उभी ऱ्हा बरं." मी भिंतीला पाठ लावून हात वर केला. खूण माझ्या बोटांच्याही वर राहिली. आम्ही दोघं बघतच राहिलो. अर्जासाठी मोजलं त्या दिवशी आबा स्वतःच बांबूला लागून उभे राहिले होते, आणि त्यात मला काहीच वावगं वाटलं नव्हतं. परस म्हटलं की आबांचाच, हे आमच्या घरात इतकं पक्कं.

"आगं, ह्यो तर माझा परस! गेली असतीस तर तोंडावर आपटली असतीस."

"विमा होता की."

"कुठं हुता? अर्जच फाडलास की." ते हसले, खोकले. मग स्वतः बांबूला टेकून त्यांनी हात वर केला. आता त्यांचंही मनगट खुणेपर्यंत पोचत नव्हतं. ते कोयता घेऊन माझ्यासमोर आले.

"हलू नको. आता नीट करू. नवा अर्ज मागीव."

वयाची अट पंचविसाची होती. मला सत्ताविसावं लागलंय. ते मी आबांना सांगितलं नाही. त्यांची खूण करून होईपर्यंत हात वर धरून तशीच उभी राहिले.